मल्लाप्पांचं नाव

प्रिय सानू,

शुक्रवारी तू वंशवृक्षाचा तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरून बसला होतास. बाबांच्या बाजूच्या फांद्या भराभर भरल्यास. मग माझ्या बाजूला आलास. आजोबा मल्लाप्पा, पणजोबा यल्लाप्पा होसूरकर लिहून झाले, फोनवर काहीतरी शोधलंस आणि विचारलंस, "आई, मल्लाप्पा कन्नड, यल्लाप्पा कन्नड, होसूरसुद्धा कन्नड. मग तू सारखं आपण मराठी, आपण मराठी का करतेस?"

मी "आधी जेवून घे" म्हटलं. तुला वाटलं असेल, आई चिडली. चिडले नव्हते रे. उत्तर तोंडाशी आलंच नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून आता लिहायला बसलेय.

तू शोधलंस ते बरोबर आहे. कन्नडमध्ये होस म्हणजे नवं, ऊरु म्हणजे गाव. होसूर म्हणजे नवं गाव. शहापूरला चिकटलेलं आपलं होसूर आता बेळगाव शहरातच जमा झालंय. नवेपण कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं. गावाच्या नावाला 'कर' जोडायचा ही मात्र आपली रीत. मंगेशीचे ते मंगेशकर, तसे होसूरचे होसूरकर. कन्नड माणूस पुष्कळदा गावाचं नाव आहे तसंच लावतो. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, दोघंही आपापल्या गावाच्या नावानं ओळखले गेले. मन्सूर धारवाडजवळ आहे. तेच घराणं आमच्या गल्लीत राहायला आलं असतं तर दोन पिढ्यांत मन्सूरकर झालं असतं! आणखी दक्षिणेला गेलास तर गाव आडनावात नसतंच, ते पुढं येऊन बसतं. एच. डी. देवेगौडा यांच्यातला 'एच' म्हणजे त्यांचं हरदनहळ्ळी आणि 'डी' म्हणजे वडील दोड्डेगौडा.

म्हणजे होसूरकर या एका आडनावात अर्धं त्यांचं आहे, अर्धं आपलं. बघ, 'त्यांचं' लिहून गेले. बेळगावात वाढलेल्या माणसाच्या हातून हा शब्द असा आपोआप उतरतो.

आता मल्लाप्पा. जेजुरीचा खंडोबा म्हणजे मल्हारी, तोच कर्नाटकात मैलार, मल्लय्या. त्याच्या नावानं पुण्याकडं कुणी मल्हार होतो, कुणी खंडेराव, आमच्याकडं मल्लाप्पा. पणजोबा यल्लाप्पा, ते सौंदत्तीच्या यल्लम्माचे. यल्लम्मा म्हणजेच रेणुका, आणि परशुराम तिचा मुलगा. म्हणून तुझा मामा परशराम. पणजोबांच्या आणि मामाच्या नावात देवीचं आणि तिच्या लेकाचं नातं आहे, हे मला तरी कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीत आजीचा पदर धरून चालताना ते आपसूक कळलं. त्या गर्दीत निम्मे लोक मराठीत "उदं गं आई उदं" म्हणत असतात आणि निम्मे कन्नडमध्ये काहीतरी म्हणत असतात. देवीला दोन्ही कळतं.

मी तुझ्या आजोबांना आप्पा म्हणायची, तुला आठवतंय ना? अप्पा म्हणजे कन्नडमध्ये बाप. आमच्या गल्लीत कल्लाप्पा, नागाप्पा, निंगाप्पा, बाळाप्पा अशी घरटी एकदोन नावं होती आणि झाडून सगळ्यांच्या घरात मराठी. उलटंही होतंच. माझ्या वर्गात दोन पाटील होते, एक घरी मराठी बोलायचा, दुसरा कन्नड. कुलकर्णी, देसाई, देशपांडे दोन्हीकडं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे या कन्नडमधल्या थोर कवीच्या घरची भाषा मराठी होती. 1973 साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेसाठी.

आप्पा मला शाळेला सायकलवर सोडायचे. पुढच्या दांडीवर मी. वाटेत घरांवरच्या पाट्या वाचायचा आमचा खेळ असे. मी आडनाव वाचायचं, त्यांनी अर्थ सांगायचा. अंगडी? दुकान. कम्मार? लोहार. होसमनी? नवं घर, म्हणजे आपल्यातले नवघरे. बेल्लद? गूळ. हे ऐकून मी दांडीवरून पडेपर्यंत हसले होते, गुळाचं आडनाव! आप्पा म्हणाले, "का गं, आपल्यात गोडबोले नाहीत?" आमच्या शेजारचे बडिगेर. बडिगेर म्हणजे सुतार. ते काका मात्र बँकेत होते आणि साधा खिळाही आप्पांकडून ठोकून घ्यायचे.

पण सगळं असं गोडगोड नव्हतं. तू मोठा होतोयस, म्हणून तेही सांगते. 1956 साली 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. मराठी माणसं तो काळा दिवस पाळतात. आप्पा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुट्टी टाकायचे, काळा शर्ट घालायचे आणि सायकल फेरीला जायचे. त्याच दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव, म्हणून बडिगेरांच्या फाटकावर पिवळा-लाल झेंडा. एका वर्षी चौकात बाचाबाची झाली, त्यांच्या मोठ्या मुलाला कुणीतरी ढकललं. त्या दिवाळीत आमचा फराळ पलीकडं गेला नाही. आईनं ताट भरलं होतं, वर क्रोशाचा रुमाल टाकला होता, आणि ते तसंच कट्ट्यावर. तिसऱ्या दिवशी बडिगेर काकू आल्या, ताट उचललं आणि गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. आठवड्यानं ताट परत आलं, त्यात त्यांच्याकडची करदंटाची, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची, वडी होती.

फेरीत आप्पांचं नाव पुकारलं जायचं, मल्लाप्पा यल्लाप्पा होसूरकर. महाराष्ट्रात जायचं म्हणून उभा जन्म घोषणा देणाऱ्या माणसाचं हे नाव. त्याला ते कधी खटकलं नाही, बरोबरच्यांनाही नाही. तू शुक्रवारी विचारलंस तेव्हा पहिल्यांदा मला ते तिऱ्हाइताच्या नजरेनं दिसलं.

पहिल्यांदा नाही. खोटं कशाला बोलू.

पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा हजेरीला पूर्ण नाव वाचलं गेलं. मधलं नाव मल्लाप्पा येताच मागच्या बाकांवरून हसू आलं. मधल्या सुट्टीत एकीनं सरळ विचारलं, "तू मद्रासी का?" मराठीसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसांच्या गावातून आले होते मी, आणि मला मराठी असल्याचा दाखला मागत होती. त्या दिवसापासून मी वह्यांवर नुसतं 'म.' लिहायला लागले. आप्पा एकदा हॉस्टेलवर भेटायला आले, माझी वही हातात घेतली आणि त्या 'म'वर बोट ठेवलं. "हा म कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच की." ते "बरं" म्हणाले आणि वही खाली ठेवली.

पुढं लग्न झालं आणि तो 'म'सुद्धा गेला. पासपोर्टवर मधे तुझ्या बाबांचं नाव, शेवटी त्यांचं आडनाव. माझी मी राजीखुशीनं बदलून घेतली, कुणी बळजबरी केली नाही. तरी आता वाटतं, एवढी घाई काय होती? माझ्या आईचं तर पाळण्यातलं नावही गेलं. ती माहेरची यल्लुबाई. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुलोचना' लिहिलं आणि ती सुलोचना झाली. तिची आई मात्र शेवटपर्यंत यल्लूच म्हणायची. या रीतीची बाजू मी तुझ्यापुढं घेणार नाही. घरात नवी माणसं येताना नावानं आपलीशी करायची, असं म्हणत असत. पुसलं जायचं ते बाईचंच, हे खरं.

तेव्हा 'आपण मराठी' हे मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणत आले असेन. आता वाटतं, ते तुला सांगणं कमी होतं आणि त्या मागच्या बाकांना उत्तर जास्त. आपले पूर्वज कधीकाळी कन्नड बोलत असतील तर बोलू देत. मी ज्या भाषेत रडते ती मराठी आहे आणि ज्या माणसाकडून ती शिकले त्याचं नाव मल्लाप्पा आहे. मला यात काही सोडवायचं आहे असं आता वाटत नाही. तुला वाटलं तर तू सोडव.

स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यात रव्याचा स्टीलचा डबा आहे ना, तो बाहेर काढ. झाकण पालथं करून उजेडात तिरकं धर. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं दिसेल. लग्नाची भांडी घ्यायला आप्पा आणि मी खडेबाजारात गेलो होतो. दुकानदार नाव घालायचं यंत्र हातात घेऊन म्हणाला, "एवढं लांब नाव कशाला, म. होसूरकर पुरे की." आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "सगळं घाला." यंत्राची घरघर बराच वेळ चालली होती. मी पलीकडं ताटं मोजत उभी होते, मोजलेलीच परत मोजत.

तक्त्यावर काय लिहायचं ते तुझं तू ठरव. बाईंनी भाषेचा रकाना दिलाय म्हणालास. त्यात एकच लिही, दोन्ही लिही, रिकामा ठेवलास तरी मी काही बोलणार नाही. मल्लाप्पामध्ये ल दोन आहेत तेवढं बघ, तू एकच लिहिला होतास. आणि डबा वर्गात दाखवायला न्यायचा असला तर रवा मी दुसऱ्या बरणीत काढून ठेवलाय. झाकण हरवू नकोस.

तुझी,
आई