बेरोजगारी भत्त्याची वसुली म्हणजे लोन कलेक्शन नव्हे

प्रश्न मोठा होता, म्हणून इतरांसाठी थोडक्यात मांडतो. प्रश्नकर्ते पुण्यात बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहेत, आजवर एका बँकेच्या लोन कलेक्शनवर काम केलं आहे. आता त्यांना अमेरिकेतल्या एका राज्याच्या बेरोजगारी विमा खात्याच्या प्रोजेक्टवर घेतलंय. लोकांना चुकून जास्त गेलेला भत्ता परत मिळवायला खात्याला मदत करणारं सॉफ्टवेअर आहे. त्यांचं म्हणणं, "कलेक्शनच आहे ना शेवटी, वेगळं काय शिकायचं? आणि क्लायंट प्रत्येक मीटिंगमध्ये मिशिगनचं नाव काढतो, ते काय प्रकरण?"

बरीच वर्षं याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"कलेक्शनच आहे" हे वाक्य क्लायंटसमोर बोलू नका. बँकेत कर्ज आहे की नाही यावर सहसा वाद नसतो. अर्ज असतो, सही असते, हप्ता ठरलेला असतो. इथे देणं मागाहून जन्माला येतं, तेही सरकारच्या एका कागदाने. माणसाने भत्ता मागितला, खात्याने मंजूर केला, त्यातून घरभाडं आणि किराणा झाला, आणि वर्षभराने पत्र येतं की त्या अमुक आठवड्यांना तुम्ही पात्रच नव्हता. त्यामुळे वसुलीचं मॉड्यूल हा या सॉफ्टवेअरचा सोपा भाग. देणं कशामुळे झालं, कुणाच्या चुकीने झालं आणि त्या माणसाला ते कळवलं का, खरी मारामारी या तीन गोष्टींची आहे.

आपल्याकडे सरकारी नोकरीत निवृत्तीच्या तोंडावर वेतन पडताळणी पथक जुनी वेतननिश्चिती चुकलेली शोधून काढतं आणि अतिप्रदानाची, म्हणजे जादा गेलेल्या पगाराची वसुली निघते, ते घरात कुणाचं पाहिलं असेल तर तुम्हाला यातली अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे.

आता जादा पैसे जातातच का? थोडे लबाड असतातच, पण बराचसा भाग व्यवस्थेतच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या जावा खटल्यात सांगितलं की एकदा पात्र ठरवलेल्या माणसाचा भत्ता, मालकाने अपील केलं एवढ्यावरून थांबवता येणार नाही. कारण हा पैसा नोकरी गेल्याबरोबर हातात पडावा, यासाठीच तर योजना. म्हणजे आधी द्यायचं. पुढे अपिलात मालक जिंकला की दिलेले सगळे आठवडे जादा ठरले. यात त्या माणसाने काय खोटं केलं? काहीच नाही. तरी त्याच्या नावावर देणं लागतं.

दुसरं कारण आठवड्याच्या हिशोबाचं. भत्ता घेणारा दर आठवड्याला ऑनलाइन किंवा फोनवर सांगतो की या आठवड्यात काम केलं का, किती कमावलं. बहुतेक राज्यांत आठवडा रविवार ते शनिवार. कमाई सांगायची ती ज्या आठवड्यात काम केलं त्याची, पगार हातात आला त्या आठवड्याची नव्हे, आणि तीही कपातीआधीची. पंधरवड्याला पगार घेणारा पार्टटाइम माणूस इथे हमखास चुकतो. तुमच्या टेस्ट केसेसमध्ये हा माणूस पहिला असू द्या.

खात्याला चूक कळते ती याद्यांच्या जुळवणीतून. मालक दर तिमाहीला प्रत्येक कामगाराचं वेतन राज्याला कळवतात. नवीन नेमणुकांची राष्ट्रीय नोंदवही वेगळी असते. सॉफ्टवेअर या याद्या भत्त्याच्या आठवड्यांशी जुळवून बघतं आणि "याने त्याच तिमाहीत पगारही घेतलाय" असा इशारा देतं. इशारा म्हणजे फक्त संशय. त्यानंतर मालकाला पत्र जायला हवं की आठवडावार वेतन कळवा. मिशिगनची गाडी नेमकी या पायरीवर घसरली.

मिशिगनने ऑक्टोबर २०१३ मध्ये मायडास नावाची प्रणाली सुरू केली, खर्च जवळपास ४.७ कोटी डॉलर. ती काय करायची ते आकड्यात बघा. उदाहरण माझं, पण तऱ्हा तीच. एक बाई तिमाहीचे पहिले सहा आठवडे कामावर होती, आठवड्याला १,३०० डॉलर. मग नोकरी गेली आणि उरलेले सात आठवडे तिने भत्ता घेतला, तेव्हाच्या कमाल दराने आठवड्याला ३६२ डॉलर. मालकाने तिमाहीचं वेतन कळवलं, ७,८०० डॉलर. सगळं खरं, सगळं रीतसर. प्रणालीने ७,८०० ला १३ ने भागलं आणि दर आठवड्याला ६०० डॉलर कमाई धरली. झालं! बाईने सातही आठवडे कमाई लपवली. देणं २,५३४ डॉलर. त्यावर मिशिगनच्या तेव्हाच्या कायद्याने फसवणुकीचा चौपट दंड, म्हणजे आणखी १०,१३६. एकूण १२,६७० डॉलर, वर व्याज. आणि तिने एक छदामही लपवलेला नाही.

तिला विचारलं नाही का? विचारलं. एक ठरावीक पर्यायांची प्रश्नावली गेली, उत्तराला दहा दिवस. पण बऱ्याच जणांची ती गेली त्यांच्या ऑनलाइन खात्यात, जे भत्ता बंद झाल्यावर कुणी उघडत नाही, नाहीतर जुन्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही की प्रणाली आपोआप फसवणुकीचा निकाल द्यायची, मध्ये माणूस नाही. अनेकांना पहिली बातमी मिळाली ती प्राप्तिकराचा परतावा जप्त झाल्यावर. २०१५ मध्ये हे आपोआप निकाल बंद करावे लागले. पुढे राज्यानेच संगणकाने एकट्याने निकाल दिलेली २२,४२७ प्रकरणं तपासली, त्यातली ९३ टक्के चुकीची निघाली. एकूण सुमारे ४० हजार लोक यात भरडले गेले. २०१५ मध्ये दाखल झालेला बाउझरमन खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२२ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड झाली. तुमचा क्लायंट मिशिगनचं नाव का काढतो ते आता कळलं असेल. त्याला भीती वसुली कमी होण्याची नाही, कोर्टाची आहे.

ऑस्ट्रेलियात तर यानंतर २०१६ मध्ये हाच भागाकार देशभर लागू केला, प्राप्तिकराचं वार्षिक उत्पन्न घेऊन पंधरवड्यांत वाटून. रोबोडेट म्हणतात त्याला. लाखो लोकांचे पैसे परत करावे लागले आणि २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. तो अहवाल वेळ काढून वाचाच. सरासरीने माणसाचं उत्पन्न ठरवणं बेकायदेशीर आहे, हा इशारा आत कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला असतो, हे त्यातून शिकायला मिळतं.

करोनाचा काळ वेगळा समजून घ्यावा लागेल, कारण तुमच्या डेटाबेसमधली निम्मी डोकेदुखी तिथली असेल. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर केंद्राचे जोडले. अट एकच, मूळ भत्त्यातला निदान एक डॉलर तरी त्या आठवड्याला मिळायला हवा. आता समजा एकाला पार्टटाइम कमाई वजा जाऊन ४० डॉलर मिळत होते. कमाई थोडी कमी सांगितली होती, दुरुस्तीनंतर मूळ भत्ता शून्यावर आला. तर ४० गेलेच, पण मागे लागलेले ६०० पण गेले. देणं ६४० डॉलर, दोन वेगळ्या तिजोऱ्यांचं, दोन वेगळ्या नियमांचं. केंद्राचा पैसा पुढच्या भत्त्यातून कापताना तीन वर्षांची मुदत आणि एका वेळी आठवड्याच्या भत्त्याच्या ५० टक्क्यांची मर्यादा, राज्याच्या पैशाला राज्याचा कायदा. म्हणून "एक माणूस, एक देणं" असं टेबल कुणी डिझाइन करत असेल तर तिथेच हात धरा. नोंद आठवडा आणि योजना या पातळीवरच हवी.

खरी फसवणूक झालीच नाही असं नाही. अमेरिकेच्या गाओ या लेखापरीक्षण संस्थेचा अंदाज आहे की करोनाकाळात १०० ते १३५ अब्ज डॉलर फसवणुकीत गेले. पण त्यात चोरलेल्या ओळखीवर क्लेम टाकणाऱ्या टोळ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांना वसुलीचं पत्र पाठवलं तर ते ज्याची ओळख चोरली त्या बिचाऱ्याच्या घरी जातं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये "हा क्लेम माझा नाही" हे सांगायला जागा आहे का, हे आधी विचारा.

वसुलीचे मार्ग तुम्हाला पटकन कळतील. पुढच्या भत्त्यातून कपात, हप्ते, राज्याचा करपरतावा अडवणं, वेतनातून कपात, दिवाळखोरी दाखल झाली की सगळं थांबवणं. एकच इथे ठळक सांगतो, तो केंद्रीय कोषागाराचा ऑफसेट कार्यक्रम, ज्यात केंद्राच्या प्राप्तिकराचा परतावा वळता होतो. खात्याच्या दृष्टीने हे सगळ्यात धारदार हत्यार. पण त्यात फक्त फसवणुकीचं किंवा कमाई न कळवल्याचं देणं पाठवता येतं, तेही निर्णय अंतिम झाल्यावर आणि माणसाला ६० दिवसांची नोटीस देऊन. खात्याच्या स्वतःच्या चुकीने गेलेले पैसे यात पाठवता येत नाहीत. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी एका कारकुनाने "कारण" या रकान्यात घाईत काय निवडलं, त्यावर कायदा मोडला की पाळला ते ठरतं. तो रकाना ऐच्छिक ठेवू नका, आणि त्यात "इतर" तर नकोच.

माफीचा भाग टीम नेहमी शेवटच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या शेवटच्या टप्प्याला ढकलते. चूक माणसाची नसेल आणि वसुली अन्यायकारक ठरत असेल तर बहुतेक राज्यांत देणं माफ करता येतं. आपल्याकडेही २०१४ च्या रफीक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने क आणि ड वर्गाच्या कर्मचाऱ्यांकडून आणि निवृत्तांकडून अशी वसुली करायला मनाई केली, भावना तीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या श्रम खात्याने राज्यांना काही ठरावीक करोनाकालीन प्रकारांत सरसकट माफीची मुभा दिली, आणि माफ झालेल्या देण्यापोटी आधी वसूल केलेली रक्कम परत करायची होती. कित्येक प्रणालींमध्ये पैसे आत घ्यायची सोय होती, बाहेर पाठवायची नव्हती. तुमच्या खातेवहीत उलटी नोंद, परतावा आणि दंडाची वेगळी फेड या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून असाव्यात. फसवणुकीवरचा किमान १५ टक्के दंड २०११ च्या केंद्रीय कायद्याने आला, आणि तो मुद्दलात मिसळला की नंतर सुटा करताना रात्री जागवाव्या लागतात.

आता काय वाचायचं. राज्याच्या संकेतस्थळावर भत्ता घेणाऱ्यांसाठीची पुस्तिका असते, ती आधी. मग ईटीए २२७, हा राज्यं दर तिमाहीला केंद्राला पाठवतात तो अतिप्रदान शोध आणि वसुलीचा अहवाल. त्याचे रकाने बघितले की क्लायंट कुठल्या आकड्यावर जगतो ते कळतं. मिसिसिपी, मेन आणि कनेक्टिकटच्या बेरोजगारी विमा प्रणाली टीसीएसने केल्या आहेत, त्यामुळे हे डोमेन जाणणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत निघेलच, विचारून बघा. आणि पहिल्या आठवड्यातच क्लायंटकडून खऱ्या नोटिशीचा नमुना मागून घ्या, नावगाव पुसलेला. तो तुमच्या आईला वाचायला दिला तर, इंग्रजी येत असलं तरी, अपील किती दिवसांत आणि कुठे करायचं हे तिला एका वाचनात सापडतं का ते पाहा. नाही सापडलं तर तुमची पहिली रिक्वायरमेंट तीच लिहा.