आरोग्यविमा असताना आजारपणासाठी वेगळी तरतूद लागते का?

लागते. तुमच्या प्रश्नात उपचारांच्या खर्चाचा हिशेब आहे, पण बुडणाऱ्या पगाराचा नाही, आणि नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद झाला असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

दादाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा त्याचा विमा होता आणि रुग्णालयाची बिले बहुतांशी त्यातून फिटलीही. परंतु आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, आणि घरी आल्यावर रक्तदाब उतरल्यामुळे उठून बसण्याचेही त्राण नाही, अशा माणसाला पूर्णवेळ नोकरी कशी झेपणार? आधी शिल्लक रजा संपली, मग पगारपत्रकातील ‘बिनपगारी रजा’ या रकान्यातला आकडा महिन्यागणिक वाढत गेला आणि अखेर त्याला राजीनामा द्यावा लागला. विमा नोकरीतूनच मिळालेला होता, त्यामुळे गरज सर्वाधिक असताना तोही गेला. त्याची ने-आण करण्यासाठी वहिनींनी आपले काम अर्ध्या वेळेवर आणले होते. म्हणजे आजार एकाला झाला आणि कमाई दोघांची घटली. तरीही काका शेवटपर्यंत विचारत राहिले, “विमा होता ना, मग पैसे गेले कुठे?”

उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई ही दोन वेगळी संकटे आहेत, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. जर्मनीच्या १८८३ च्या आजारपण-विमा कायद्यातसुद्धा औषधोपचारांबरोबर बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात वैद्यकीय सेवा आणि आजारपणाचा भत्ता यांची प्रकरणेच स्वतंत्र आहेत, आणि भत्त्याची किमान पातळी कमाईच्या ४५ टक्के ठरवलेली आहे. काकांचे दुसरे म्हणणे, की घरी बसलेल्या माणसाला खर्च तो काय, हे तर साफ चूक आहे. अपंगत्व आले की मदतनीस, वाहन, साधने यांमुळे तेच साधे जगणे अधिक महाग होते.

त्यामुळे अपंगत्वात नियमित उत्पन्न देणारा विमा अवश्य पाहा, मात्र त्यात ‘स्वतःचे काम करता न येणे’ पुरेसे आहे की ‘कोणतेच काम करता न येणे’ अशी अट आहे, हे आधी वाचा. तरतुदीत शुश्रूषा करणाऱ्याचा पगारही धरा. अर्थात, तुमच्याकडे कायद्याने आजारपणाचा भत्ता दीर्घकाळ मिळत असेल, तर एवढी मोठी तरतूद लागणार नाही.