श्रावण पाळला म्हणजे दारू सुटली का?

प्रश्न: आमचे हे श्रावणात बाटलीला शिवत नाहीत, म्हणतात सोडू शकतो म्हणजे मी बेवडा नाही. पण यंदा दुसऱ्याच दिवशी हात इतके थरथरले की बशीतला चहा सांडला. उपास बाधला असेल का?

उत्तर: ताई, उपास नाही हो, ही विथड्रॉवलची लक्षणं वाटतायत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम सुरू होतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं, म्हणून आजच डॉक्टर गाठा. आणि गटारीला कोटा भरून पुढे दिवस मोजत बसायचं, याला सोडणं कसं म्हणायचं? डॉक्टरांना रोजचे पेग खरे सांगा, निम्मे करून नको.