बाजा टीम की ऑनलाईन कोर्स? डेपोतल्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

कराडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, लेक पुण्यात मेकॅनिकलच्या थर्ड इयरला, हॉस्टेलवर. तिने ऑनलाईन कोर्सेसची चौदा सर्टिफिकेटं जमवलीत, पुढे गाड्यांच्या रिसर्चमध्ये जायचंय म्हणते. आता कॉलेजची बाजा टीम, म्हणजे स्पर्धेसाठी स्वतः ऑफ-रोड गाडी बनवणारी पोरं, तिला घ्यायला तयार आहे, पण १५,००० रुपये कॉन्ट्रिब्युशन आणि वर रात्री उशिरापर्यंत वर्कशॉप. वडील लिहितात, "मी जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले, पोरीचे हात काळे होऊ नयेत म्हणूनच शिकवतोय. लॅपटॉपवर शिकून रिसर्चला जाता येत असेल तर हे गॅरेजचे धंदे कशाला?"

दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जिथे तिला जायचंय तिथेही ग्रीस आहेच. पुण्यातली एआरएआय घ्या, गाड्यांची टेस्टिंग आणि संशोधन करणारी संस्था, १९६६ पासून हीच कामं करतेय, टेकडीवर बिल्डिंग दिसते ती. तिथे इंजिन टेस्ट बेडवर चढवून तासन्‌तास चालवतात, गाड्या क्रॅश करतात, बॅटऱ्यांची परीक्षा घेतात. टाटा मोटर्सचं रिसर्च सेंटर पण पुण्यातच, आणि अहिल्यानगरला डीआरडीओची व्हीआरडीई आहे, लष्कराच्या गाड्यांसाठी. या सगळ्या ठिकाणी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन भरपूर चालतं, नाही असं नाही, पण ते सिम्युलेशन खरं की खोटं हे शेवटी कोणीतरी गाडीला सेन्सर लावून, वायर ओढून, रीडिंग घेऊनच ठरवतं.

आता सर्टिफिकेटांचं. मी ऑनलाईन शिकण्याच्या विरोधात अजिबात नाही, उलट कराड-सांगलीकडच्या पोरांना आयआयटीच्या मास्तरांचं लेक्चर फुकटात ऐकायला मिळतं ही मोठीच गोष्ट आहे. एनपीटेल हा ऑनलाईन कोर्सेसचा उपक्रम आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून २००३ ला सुरू केला, आता सरकारच्या स्वयम पोर्टलवरून चालतो. कोर्स फुकट, परीक्षा द्यायची तरच फी, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. म्हणून त्या सर्टिफिकेटला मी मान देतो. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोतली बरीचशी सर्टिफिकेटं दोन-चार तासांचे व्हिडिओ बघून मिळणारी आहेत, एक डिजिटल मार्केटिंगचं पण आहे, ते कशासाठी देव जाणे. मुलाखतीला बसलेला माणूस ती मोजत नाही. तो एकच विचारतो, यातलं तू कुठे वापरलंस? आणि तिथे पोरं गप्प होतात.

एनपीटेलचा एक बारा आठवड्यांचा कोर्स, आयसी इंजिन किंवा व्हेइकल डायनॅमिक्स, नीट परीक्षा देऊन केला तर बास. युजीसीच्या नियमात सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस स्वयमवरून करायची सोय आहे, पण क्रेडिट ट्रान्सफर, म्हणजे तो कोर्स डिग्रीत धरणं, कॉलेजने आधी मंजूर केलं पाहिजे, म्हणून एनरोल करायच्या आधी डिपार्टमेंटला विचारायचं, नंतर नाही.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलवर मात्र फार भिस्त ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी एका टेस्ट रिगभोवती वीस पोरं उभी, दोघं नॉब फिरवणार, बाकीचे लांबून मान उंच करून बघणार आणि रीडिंग शेवटी सिनियरच्या जर्नलमधून. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफ असा सुरेख येतो की एक पॉइंट रेषेबाहेर जाईल तर शपथ. खरं मशीन इतकं शहाण्यासारखं वागत नाही हे तुम्हाला डेपोत रोज दिसतं.

म्हणून मी म्हणतो तिला बाजात जाऊ द्या. माहीत नसेल तर, एसएई इंडिया या गाड्यांच्या इंजिनियर लोकांच्या संस्थेची ही स्पर्धा २००७ पासून चालू आहे, पोरं स्वतः एक सीटची ऑफ-रोड गाडी डिझाईन करून, वेल्डिंग करून बनवतात, आता ई-बाजा म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांची पण असते. यातली ब्रेक टेस्ट मला फार आवडते. गाडी पळवायची, कचकन ब्रेक मारायचा, चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, एक जरी फिरत राहिलं तरी नापास. लेकीला कोर्समध्ये शिकवलंय की पेडलवर इतका फोर्स, मास्टर सिलिंडरचा एरिया इतका, म्हणजे प्रेशर इतकं, कागदावर चारही चाकं लॉक. प्रत्यक्षात मागचं एक चाक आरामात फिरत असतं, कारण लाईनमध्ये हवा राहिलीय, पेडल स्पंजी झालंय, नाहीतर कॅलिपर बसवतानाच तिरका बसलाय. तुमच्या एसटीला हवेवरच ब्रेक लागतो, या गाडीत हवा शिरली की ब्रेक गेला. रात्री अकराला ब्लीडिंग करत, म्हणजे लाईनमधली हवा काढत, एक जण पेडल दाबतोय, दुसरा निपल सोडतोय, बुडबुडे संपेचनात, त्या वेळी जे डोक्यात बसतं ते बारा आठवड्यांच्या व्हिडिओत बसत नाही. पण हेही खरं की व्हिडिओ न बघता नुसतं ब्लीडिंग करत बसलेली पोरं गाडी चालू करतात आणि ती का चालली हे सांगू शकत नाहीत, असेही बरेच बघितलेत.

एक अट मात्र घाला. टीममध्ये मुलगी आली की तिला रिपोर्ट, स्पॉन्सरशिप आणि इन्स्टाग्राम देतात, हे मी इतक्या कॉलेजांत बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. पैसे भरायच्या आधी तिने कॅप्टनला विचारायचं, मला ब्रेक किंवा सस्पेन्शन देणार का, हो किंवा नाही. नाही म्हणाले तर १५,००० वाचले. रात्रीच्या वर्कशॉपला फॅकल्टी हजर असते का, हॉस्टेलला परत कसं यायचं, इन्शुरन्स आहे का, हे तुम्ही स्वतः फोन करून विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

आता थोडं लेकीसाठी, तिला वाचून दाखवा. बाजा मिळो न मिळो, हे तू या आठवड्यात कर. कंपन्यांत एमिशन आणि मायलेजची टेस्ट चेसिस डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून, करतात, त्या डायनोला किती लोड द्यायचा हे ट्रॅकवर कोस्टडाऊन करून काढतात, म्हणजे गाडी वेगात आणून न्यूट्रल करायची आणि वेग कसा उतरतो ते बघायचं. तू सायकलवर कर. सकाळी वारा नसताना कॅम्पसमधला सपाट रस्ता, वेगासाठी मोबाईलचं जीपीएस, पेडल सोडायचं आणि २० ते १५ किमी वेग उतरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. समज तू आणि सायकल मिळून ७५ किलो आणि लागले ९ सेकंद, तर फोर्स साधारण साडेअकरा न्यूटन येतो. मग उलट्या दिशेने कर, म्हणजे चढ-उतार आणि वाऱ्याचा हिशोब लागेल. मग टायरमधली हवा कमी करून परत. प्रत्येक वेळी पाच-पाच रीडिंग, आणि जे वेडंवाकडं येईल ते खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं. तुझ्या जर्नलमधल्या सगळ्या प्रॅक्टिकलपेक्षा या दोन पानांवर मुलाखतीत जास्त बोलता येईल.

आणि दादा, तुम्ही स्वतःला बाजूला काढताय ते मला पटलं नाही. बीएस सहा गाड्यांना युरिया भरावा लागतो, त्याचे सेन्सर, त्यामुळे येणारे फॉल्ट, एकाच रूटवर एका गाडीचं केएमपीएल (लिटरला किती किमी) चांगलं आणि दुसरीचं कमी का, हे मेकॅनिकला रोज दिसतं. हे सगळे खरेखुरे रिसर्चचे प्रश्न आहेत आणि तिच्या सरांकडे ते नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत साहेबांची परवानगी काढून तिला दोन दिवस डेपोत न्या, वही घेऊन. हात काळे झाले तर साबण आहे.

पुढचं सांगायचं तर रिसर्चला बहुतेक ठिकाणी एमटेक लागतंच, त्यासाठी गेट ही परीक्षा. थर्ड इयरला असतानाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे यंदा एकदा अंदाजासाठी देऊ द्या, मार्कांवरून बोलू नका. गेटमधून एमटेकला लागली तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळू शकतो, खर्चाची काळजी तुमच्या पत्रात दिसली म्हणून सांगितलं. अभ्यास आणि बाजा दोन्ही एकदम झेपत नसेल तर मोकळे व्हिडिओ कोर्स बंद करा, ते पंधरावं सर्टिफिकेट राहू दे. आणि बाजाचे पैसे एकदम देऊ नका, दोन हप्त्यांत द्या, टीमच्या नावाची पावती घेऊन.