फक्त थर्मामीटर आहे, मग बाष्पीभवन कसं काढायचं?

प्रश्न: माझ्याकडे रोजचं कमाल आणि किमान तापमान एवढंच आहे, वारा, आर्द्रता, ऊन कशाचाच डेटा नाही. तरी जमीन आणि पीक मिळून रोज किती पाणी उडतं ते काढता येईल का?

उत्तर: येतं की! पेनमन-मॉन्टिथ या नेहमीच्या प्रमाणित सूत्राला हे सगळंच लागतं, पण हारग्रीव्हज आणि समानी यांचं 1985 चं सूत्र तापमानावर भागवतं. सरासरी तापमानात 17.8 मिळवा, त्याला कमाल-किमान फरकाच्या वर्गमुळाने गुणा, मग 0.0023 ने आणि वातावरणाबाहेरच्या सूर्यकिरणांच्या आकड्याने, हा आकडा मोजायचा नसतो, अक्षांश आणि तारखेवरून तक्त्यात मिळतो, फक्त तो मिलिमीटरमध्येच घ्या (म्हणजे तेवढ्या ऊर्जेने दिवसाला किती मिमी पाणी उडेल), लोक इथेच चुकतात.

समजा कमाल 34, किमान 18, तक्त्यातला आकडा 15, तर उत्तर येतं साधारण 6 मिमी, म्हणजे दर चौरस मीटरला 6 लिटर. मात्र हे संदर्भ म्हणून धरलेल्या गवताचं झालं, आपल्या पिकासाठी पीक गुणांकाने, म्हणजे गवताच्या तुलनेत ते पीक किती पाणी उडवतं त्या आकड्याने, गुणायचं.

आता तापमानाच्या फरकावरून उन्हाचा अंदाज कसा? आकाश निरभ्र असलं की दिवस तापतो न रात्र गार होते, ढग असले की फरक कमी, एवढंच लॉजिक आहे, मला तरी भारी वाटतं. पण दमट हवेत हे सूत्र जास्त दाखवतं, जोराच्या वाऱ्यात कमी, आणि एकेका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, निदान पाच दिवसांची सरासरी घ्या.