हवाईच्या आकाशावरचे झाकण

प्रश्न : हवाई बेटांच्या उपग्रह-छायाचित्रांत भोवतालच्या समुद्रावर लहान लहान ढग विखुरलेले दिसतात आणि बेटांच्या ईशान्य बाजूला ते दाटलेले असतात. मोठ्या बेटावरच्या हिलो शहरात सतत पाऊस पडतो, मग त्याच बेटावरील मौना केआच्या माथ्यावर मोठमोठ्या दुर्बिणी कशा उभारल्या? जानेवारीत आम्ही तेथे जाणार आहोत, तेव्हा हवामान कसे असेल?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपण वाईचे आहात, त्यामुळे निम्मे उत्तर आपल्या दारातच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि घाट उतरून वाईला येईपर्यंत त्याचा लहानसा हिस्साच उरतो. हवाईतही डोंगर वाऱ्याला अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. फक्त तेथे वारा नैर्ऋत्येकडून नव्हे, तर ईशान्येकडून येतो, आणि तो चार महिन्यांचा पाहुणा नसून वर्षातील बहुतेक दिवस वाहणारा व्यापारी वारा आहे. हिलोला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कावाइहे येथे जेमतेम अडीचशे.

उरलेले निम्मे उत्तर मात्र सह्याद्रीत सापडत नाही. हे वारे उत्तर पॅसिफिकवरील ज्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून निघतात, तेथे वरची हवा सावकाश खाली बसत असते आणि खाली येताना दाबली जाऊन तापते. त्यामुळे समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटरवर असा एक थर तयार होतो, ज्यात उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढते. भूगोलाच्या पुस्तकांत याला तापमानाची विपरीतता म्हणतात. मला झाकण हा शब्द अधिक नेमका वाटतो. खालून वाढत आलेला ढग या थरात शिरताच भोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि जड ठरतो, त्याचे वर चढणे थांबते आणि तो आडवा पसरतो. आपण छायाचित्रात पाहिलेले समुद्रावरचे ढग बुटके राहतात, ते यामुळेच.

आता डोंगरांची उंची या झाकणाशी ताडून पाहा. काउआई बेटावरील वाइआलेआले हे शिखर 1569 मीटर उंच, म्हणजे झाकणाच्या खाली आहे. ढग थेट त्याच्या माथ्यावर चढतात, आणि म्हणूनच ते पृथ्वीवरील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणले जाते. मौना केआ 4205 मीटर उंच असल्यामुळे झाकण भेदून वर गेलेला आहे. ढग त्याच्या मधल्या उतारांवरच अडतात, वारा बराचसा डोंगराला वळसा घालून निघून जातो, आणि माथ्यावर कोरडी, स्थिर हवा राहते. दुर्बिणींना हवी असते ती हीच हवा. एकाच वाऱ्याने एका शिखराला चिंब करावे आणि दुसऱ्याला कोरडे ठेवावे, यासारखे सुंदर उदाहरण हवामानशास्त्रात मला क्वचितच आढळले आहे.

दिवसाच्या वेळांचाही यात वाटा आहे. हिलोला पाऊस बहुधा रात्री आणि पहाटे पडतो, कारण तेव्हा डोंगरावरून उतरणारे मतलई वारे समोरून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना भिडतात. पश्चिमेकडील कोना भागात मुख्य वारा पोहोचतच नाही; तेथे दुपारी खारे वारे उतारावर चढतात आणि सायंकाळी सरी येतात.

जानेवारीबद्दल थोडे सावधपणे सांगतो. हिवाळ्यात व्यापारी वारे अधूनमधून खंडित होतात, कमी दाबाची क्षेत्रे बेटांजवळ येतात आणि झाकण मोडते. अशा वेळी वारा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, एरवी कोरड्या असणाऱ्या पश्चिम किनाऱ्यांवर मुसळधार पाऊस होतो आणि मौना केआवर बर्फ पडून माथ्याचा रस्ता बंद केला जातो. म्हणून शिखरावर जाण्यासाठी एकच दिवस ठरवून ठेवू नका, दोन-तीन दिवस हाताशी राखा आणि सोबत भरपूर गरम कपडे न्या.