ऑपरेशनची जखम भरली तरी वेदना का राहते, आणि उंदरांवर इतके प्रयोग होऊनही औषध का सापडत नाही?

स्तनाच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तपासण्या ठीक आहेत, तरी काखेत जळजळ होते आणि कपड्याची शिवण लागली तरी सहन होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरचे म्हणतात मनाचे खेळ. मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनेचे रुग्ण रोज पाहते. हे मनाचे खेळ नाहीत. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र नोंद आहे.

काखेतून जाणारी एक नस या ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाऊ शकते. दुखावलेल्या नसेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जू हळवा होतो आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवतो. वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांमध्ये हे दाखवलं. तुमच्या कपड्याची शिवण टोचते ती बहुधा यामुळेच.

मग ही वेदना टाळणारं औषध का नाही? १९९६ पासून वापरात असलेल्या पद्धतीत उंदराच्या तळव्याला छोटी चीर देतात आणि बारीक तंतूने दाबल्यावर तो पाय कधी उचलतो ते मोजतात. तो हळवेपणा काही दिवसांत ओसरतो; तुमचा आठ महिने टिकलाय. शिवाय हे उंदीर बहुतेकदा तरुण, निरोगी आणि वर्षानुवर्षं फक्त नर. माणसांत मात्र ऑपरेशनआधीचं दुखणं, पहिल्या दिवसांतली तीव्र वेदना, मनातली धास्ती हे सगळं धोका वाढवतं. आणि पाय उचलणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, त्यात रात्रीची उडालेली झोप कुठे मोजली जाते? गॅबापेंटिन या नसेच्या वेदनेवरच्या औषधाने उंदरांचा हळवेपणा कमी केला, पण ऑपरेशनच्या वेळी माणसांना दिल्यावर जुनाट वेदना टळते असं भरवशाने दिसलं नाही.

मला पटणारी वाट उलटी आहे: ऑपरेशनआधीपासून रुग्णांच्या मागे राहायचं, कोणाचं दुखणं टिकतं ते पाहायचं आणि तो प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जायचं.

तोवर थांबू नका. दुखणं वाढलं किंवा गाठ लागली तर आधी सर्जनला दाखवा. नाहीतर वेदना क्लिनिकमध्ये जा आणि नुसतं 'दुखतं' न म्हणता जळजळ, करंट, बधीरपणा असं नेमकं सांगा. नसेच्या वेदनेला ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं लागतात, आणि ती या शब्दांवरून ठरतात.